लाल मफलरची कुळकथा

12 जुलै 1974. लिव्हरपूल फुटबॉल क्लबने पत्रकारांना आपल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर बोलावलं आणि अध्यक्ष जॉन स्मिथ यांनी सांगितलं, की मॅनेजर बिल शँक्ली निवृत्त होत आहेत. आर्सेनलकडून रे केनेडी या खेळाडूला घेतल्याची बातमीही त्याच दिवसाची. एरवी तिनं मथळे गाजवले असते, पण त्या दिवशी तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शँक्ली साठ वर्षांचे होते, प्रकृती ठणठणीत होती आणि जेमतेम दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या संघानं वेम्बलीवर न्यूकॅसलला 3-0 हरवून एफए कप घरी आणला होता. असा माणूस थांबतो कशाला?

ग्रॅनडा टीव्हीचा तरुण बातमीदार टोनी विल्सन माइक घेऊन शहरातल्या रस्त्यावर उतरला. तो जाणाऱ्या-येणाऱ्यांना बातमी सांगतो आणि समोरच्याचा चेहरा उतरत जातो. ते चित्रण आजही बघायला मिळतं. एक पोरगा तर हा आपली थट्टाच करतोय, असं धरून चालतो. काही कारखान्यांतल्या कामगारांनी संपाची धमकी दिली. मागणी एकच: शँक्लींना परत आणा.

पण करणार काय? महिना जुलैचा. हंगाम संपलेला, मैदान रिकामं. जमायचं कुठे, ओरडायचं कुणासमोर? आज मोठा प्रशिक्षक निघाला, की शेवटच्या घरच्या सामन्याला सगळं मैदान उभं राहतं, हजारो लोक गळ्यातले मफलर दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरतात, दोन्ही संघ रांगा करून त्याला मधून नेतात. ही रीत आता इतकी मुरली आहे, की ती अनादी वाटते. तिचं मूळ शोधत गेलं की मी तरी 1974 च्या त्या जुलैपाशी येऊन थांबतो, कारण त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या चाहत्यांना आपल्या माणसाचा निरोप घेताच आला नाही.

आधी मफलरचं कूळ पाहू. इंग्लंडातला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत चालतो, म्हणजे अख्खा हिवाळा त्यात येतो. गिरणी-गोदीतला कामगार शनिवारी दुपारी सुटला की डोक्यावर टोपी, गळ्याला मफलर अशा रोजच्याच कपड्यांत मैदानावर जाई. मफलर थंडीसाठी होता, क्लबसाठी नव्हे. क्लबचा रंग दाखवायला छातीवर फितीचं फूल असे आणि हातात लाकडी खुळखुळा. फिरवला की कडकड वाजणारा हा खुळखुळा दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूचा इशारा द्यायला हवाई संरक्षणाच्या स्वयंसेवकांच्या हातीही गेला होता.

मफलरवर क्लबचा रंग चढला तो घराघरांतून. आई, आजी, मावशी दोन रंगांची लोकर घेऊन बसायच्या. चार बोटं लाल, चार बोटं पांढरा, पुन्हा लाल. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग 1941 ते 1949 चाललं आणि विणायच्या लोकरीलाही कूपन लागे. मग जुना स्वेटर उसवायचा, लोकर धुवून, ताणून पुन्हा गुंडाळायची आणि त्यातून मफलर काढायचा. असा घरचा मफलर हातात घेतला तर पट्टे कधी सारखे नसतात. कुठे दोन ओळी जास्त, कुठे टाके घट्ट, आणि दुसऱ्या टोकाचा लाल पहिल्या टोकापेक्षा थोडा वेगळा, कारण पहिली लोकर संपलेली. दुकानात मिळणारा एकसारखा मफलर नंतरचा. 1970 च्या दशकात तर मनगटाला बांधायचे रेशमासारखे चकचकीत पट्टेही निघाले. पण शँक्लींच्या काळातल्या कितीतरी मफलरांत कुणाच्या तरी घरच्यांच्या संध्याकाळी होत्या. पुढचा प्रसंग कळायला हे लक्षात असावं लागतं.

हे मफलर जिथे दाटीवाटीनं दिसत, त्या जागेचं नाव कॉप. अ‍ॅनफिल्डच्या एका टोकाला 1906 मध्ये उभ्यानं सामना बघायचा प्रचंड उतार बांधला गेला आणि स्थानिक पत्रकार अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला स्पियन कॉप म्हटलं. स्पियन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधली टेकडी. जानेवारी 1900 मध्ये बोअरांशी झालेल्या लढाईत तिथे ब्रिटिशांचे शेकडो सैनिक पडले, त्यांत लँकेशायरकडचे पुष्कळ होते. त्या टेकडीवरून जखमींना डोलीत घालून खाली आणणाऱ्यांमध्ये भारतीय स्वयंसेवकांचं पथक होतं आणि त्या पथकात मोहनदास गांधी होते. अ‍ॅनफिल्डवरच्या फार थोड्यांना हे माहीत असेल; आपल्याकडेही फार थोड्यांना आहे.

शँक्ली या मैदानावर डिसेंबर 1959 मध्ये आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत खितपत होता. ते स्कॉटलंडच्या एअरशायरमधल्या ग्लेनबक या खाणकामगारांच्या खेड्यातले. स्वतः कोवळ्या वयात खाणीत राबलेले. 1962 मध्ये संघ वर चढला, 1964 मध्ये लीग जिंकली. त्या विजयाच्या दिवशी बीबीसीचा कॅमेरा कॉपसमोर उभा होता. कोट घातलेले, कित्येक तर टायसुद्धा लावलेले हजारो पुरुष बीटल्सची गाणी एका गळ्यानं गात लाटेसारखे हलताना त्यात दिसतात. त्याच सुमारास लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्सनी ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे जुन्या संगीतनाटकातलं गाणं पुन्हा गाजवलं होतं. कॉपनं ते उचललं ते कायमचं. मफलर दोन हातांत आडवा ताणून धरायची रीत या गाण्याच्या संगतीनं रुजली.

शँक्लींचं चाहत्यांशी नातं नुसतं विजयांवर उभं नव्हतं. पत्र आलं की ते घरी जुन्या टाइपरायटरवर स्वतः उत्तर बडवत बसायचे. तिकीट मिळालं नाही म्हणून हिरमुसलेल्या कितीतरी जणांना त्यांच्याकडून तिकिटं मिळाली. आपण या लोकांचे नोकर आहोत, ही त्यांची भावना पोशाखी नव्हती. मैदानावर त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा 28 एप्रिल 1973 चा. लेस्टरशी 0-0 बरोबरी झाली आणि लीगचं विजेतेपद पक्कं झालं. शँक्ली कॉपकडे चालत गेले. वरून मफलरांचा पाऊस पडत होता. एक मफलर पायाशी पडला आणि बंदोबस्तावरच्या पोलिसानं तो बाजूला सारला. शँक्लींनी तो उचलला, आपल्या गळ्यात बांधला आणि पोलिसाला सुनावलं: असं करू नका, हे कुणाचं तरी आयुष्य असू शकतं.

आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल आलीच. शाल आयोजक घालतो, मान्यवर वाकून स्वीकारतो, आणि बहुधा ती कोरी, घडी न मोडलेली असते. इथे कापड उलट्या दिशेनं आलं. ते वापरलेलं होतं, घामाचं, बिअरचं, पावसाचं होतं, आणि कुणी दिलेलं नव्हतं, भिरकावलेलं होतं. सत्कारमूर्तीनं ते जमिनीवरून स्वतः उचलून घेतलं. लिव्हरपूलच्या मफलरला निशाणाची प्रतिष्ठा मिळाली ती त्या क्षणी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर मफलर चाहत्याची ओळख होता. शँक्लींनी त्यालाच चाहता मानलं.

पुढच्या वर्षी वेम्बलीवर एफए कप जिंकल्यावर दोन चाहते धावत मैदानात शिरले आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी शँक्लींच्या बुटांचं चुंबन घेतलं. तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होतं, की शँक्लींचा हा शेवटचाच अंतिम सामना. मग आला तो जुलै. निवृत्ती जाहीर करायला जाणं म्हणजे विजेच्या खुर्चीकडे चालत जाणं वाटलं, असं शँक्ली नंतर म्हणाले. ते थकले होते, पत्नी नेसचीही त्यांनी थांबावं अशी इच्छा होती.

क्लबनं निरोपाचा प्रयत्न केला. ऑगस्टमध्ये वेम्बलीवर लीड्सविरुद्ध चॅरिटी शील्डचा सामना होता. नवे मॅनेजर बॉब पेस्ली असूनही संघाच्या पुढे चालायचा मान शँक्लींना दिला गेला. बाजूला लीड्सचे नवे मॅनेजर ब्रायन क्लफ होते. पण सामन्यात लिव्हरपूलचा केव्हिन कीगन आणि लीड्सचा बिली ब्रेमनर यांची हाणामारी झाली, दोघांना बाहेर काढलं, दोघांनी जाताना अंगातले शर्ट काढून टाकले. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती त्याचीच. पेनल्टींवर लिव्हरपूल जिंकला, निरोप मात्र हरवला. एप्रिल 1975 मध्ये अ‍ॅनफिल्डवर शँक्लींच्या सन्मानार्थ खास सामना झाला, मैदान गर्दीनं भरलं. पण तोवर नऊ महिने उलटून गेले होते.

त्या नऊ महिन्यांत आणि नंतरही शँक्लींची फरफटच झाली. ते मेलवुड या क्लबच्या सराव-मैदानावर जात राहिले. खेळाडू सवयीनं त्यांनाच ‘बॉस’ म्हणत, आणि पेस्लींची पंचाईत होई. हळूहळू, तुम्ही न आलात तर बरं, हे त्यांच्यापर्यंत पोचलं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. क्लबनं त्या माणसाला अधिक मायेनं वागवायला हवं होतं. मग ते शहरातल्या प्रतिस्पर्धी एव्हर्टनच्या सरावाला जाऊन बसू लागले. तिथे त्यांचं स्वागत होई. नोव्हेंबर 1975 मध्ये तर ते एका सामन्याला थेट कॉपवर, चाहत्यांच्या गर्दीत जाऊन उभे राहिले. संचालकांच्या खोलीत जागा उरली नव्हती, कॉपवर होती.

29 सप्टेंबर 1981 रोजी ते गेले. त्यानंतरच्या अ‍ॅनफिल्डवरच्या सामन्यात समोर स्वान्सीचा संघ होता आणि त्याचा मॅनेजर जॉन टोशॅक, शँक्लींनीच घडवलेला खेळाडू. शांतता पाळताना टोशॅकनं अंगावरचं जॅकेट उतरवलं. आत लिव्हरपूलचा लाल शर्ट होता. प्रतिस्पर्धी मॅनेजर भर मैदानात दुसऱ्याचा रंग घालून उभा! शँक्लींची रक्षा कॉपच्या टोकाला मैदानातच विखुरली गेली. 1997 मध्ये कॉपसमोर त्यांचा पुतळा बसला: दोन्ही हात पसरलेले आणि गळ्यात मफलर.

लिव्हरपूलला धडा मिळाला होता, हे 1983 मध्ये दिसलं. पेस्लींनी निवृत्ती आधी सांगून ठेवली होती. मार्चमध्ये वेम्बलीवर लीग कप जिंकल्यावर कर्णधार ग्रॅम सूनेसनं करंडक घ्यायला पायऱ्या चढायचा मान पेस्लींना दिला. वेम्बलीवर असं आधी कुठल्याही मॅनेजरच्या वाट्याला आलं नव्हतं.

मफलरला निरोपाचं वजन आलं ते मात्र फार मोठी किंमत मोजून. 15 एप्रिल 1989 रोजी हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांचे बळी गेले. अखेरचा आकडा 97. अ‍ॅनफिल्डचं मैदान फुलांनी आणि मफलरांनी झाकून गेलं. आठवड्यानं, 22 एप्रिलला, अ‍ॅनफिल्ड आणि एव्हर्टनचं गुडिसन पार्क यांच्यामध्ये स्टॅन्ली पार्कातून लाल आणि निळ्या मफलरांची साखळी बांधली गेली, गाठीला गाठ मारत, मैलभर.

पुढे मफलर उंचावून निरोप द्यायची ही रीत इतर शहरांतही फोफावली, आणि मँचेस्टर युनायटेडची कथा तर कापडानंच सुरू होते आणि कापडानंच संपते. डिसेंबर 1989 मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध घरच्या मैदानावर हार होत असताना एका चाहत्यानं कापडी फलक उंचावला: तीन वर्षं नुसत्या सबबी, आता ‘टा-रा फर्गी’, म्हणजे रामराम. तेच मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 2013 पर्यंत टिकले आणि क्लबला लीगची तेरा विजेतेपदं देऊन गेले. फर्ग्युसननी 2001-02 चा हंगाम आपला शेवटचा, असं आधीच सांगून बघितलं होतं. संघ ढिला पडला, ते पस्तावले आणि त्यांनी निर्णय फिरवला. म्हणून 2013 मध्ये त्यांनी गुपित शेवटपर्यंत राखलं: घोषणा 8 मे रोजी, लगेच 12 मे रोजी स्वान्सीविरुद्ध घरचा शेवटचा सामना. चार दिवस. तेवढे पुरले. दोन्ही संघांनी रांगा करून त्यांना मधून आणलं, पावसात मैदान मफलरांनी आणि झेंड्यांनी लाल झालं. माइक हातात घेऊन त्यांनी चाहत्यांना एक काम दिलं: आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा.

लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर युर्गन क्लॉप यानं 2024 मध्ये याच्या उलट केलं. अंगात जोर उरला नाही, हंगाम संपला की जातो, असं त्यानं 26 जानेवारीलाच सांगून टाकलं. जवळपास चार महिने अ‍ॅनफिल्ड निरोपाच्या तयारीत होतं. संघ जिंकण्याच्या दृष्टीनं फर्ग्युसनचा मार्ग बरा असेल, पण लोकांच्या बाजूनं पाहिलं तर मला क्लॉपचा मार्ग भावतो. ज्यांनी नऊ हंगाम गळा फोडून गायलं, त्यांना सावरायला वेळ हवाच. 19 मे रोजी वुल्व्ह्जविरुद्धचा सामना संपल्यावर मैदानभर मफलर वर गेले. क्लॉपनं माइक घेतला आणि आपल्या जागी येणाऱ्या अर्ने स्लॉटच्या नावाचं गाणं स्वतःच म्हणायला सुरुवात केली. मैदानानं ते उचललं.

1974 मध्ये पेस्लींसाठी असं कुणी गायलं नव्हतं. नको-नको म्हणत त्यांनी ती खुर्ची घेतली होती. पुढच्या नऊ हंगामांत त्यांनी लीग सहा वेळा आणि युरोपियन कप तीन वेळा जिंकून आणला, आणि सुरुवात केली ती शँक्लींनी मागे ठेवलेल्या संघापासून.