पवित्रा



चेंडूला टोला हातांनीं बसतो, असा पाहणाऱ्याचा समज असतो. खेळणारा मात्र जाणतो, कीं टोल्याचें भवितव्य काठी हलण्यापूर्वींच पायांनीं ठरविलेलें असतें. तालमींतील वस्ताद हीच गोष्ट एका शब्दांत सांगत: पवित्रा. आज गोल्फच्या पवित्र्याचा थोडा इतिहास आपणांपुढें ठेवतों.

हा खेळ स्कॉटलंडचा. लोक धनुर्विद्या सोडून त्याच्या नादीं लागले, म्हणून १४५७ सालीं तेथील संसदेनें त्यावर बंदी घातली. आपल्या देशांत १८२९ सालीं कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना. नाशकासही साहेबलोक गोल्फ खेळत. त्या मैदानाला आतां हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव आहे. तरी नाशिककरांच्या तोंडीं 'गोल्फ क्लब' हें जुनें नांव टिकून आहे. पुढें खेळ साहेबांचा राहिला नाहीं. पुण्याचे उदयन माने २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळले.

उभें राहावें कसें? प्रथम काठीचें डोकें लक्ष्याकडे रोखून चेंडूमागें टेकावें, मग पाय लावावे. पायांतील अंतर सुमारें खांद्यांएवढें, गुडघे किंचित् सैल, वजन दोन्ही पायांवर सारखें. कमरेंतून वांकावें, पाठीला पोक येऊं देऊं नये. चेंडूची रेषा आणि पावलांची रेषा नांगराच्या दोन तासांप्रमाणें समांतर असावी. उजव्या हाताच्या खेळाडूनें लांब टोल्यासाठीं चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवावा, म्हणजे वर उचलूं लागलेली काठी त्यास भेटते. आंखूड टोल्यासाठीं तो मध्याकडे घ्यावा.

तपशिलांत थोरांचेंही एकमत नाहीं. १८९६ ते १९१४ या काळांत ब्रिटिश ओपन ६ वेळां जिंकणारा हॅरी व्हार्डन लक्ष्याकडे किंचित् वळून उभा राही. बॉबी जोन्स पावलें जवळ ठेवी. बेन होगननें १९५७ च्या आपल्या पुस्तकांत उजवें पाऊल रेषेशीं काटकोनांत ठेवून डावें थोडें बाहेर वळविण्यास सांगितलें. कोन निराळे, पण पाय स्थिर झाल्याखेरीज काठी उचलणारा यांत एकही नाहीं.

आमच्या बिरवाडीकडे भातकापणीनंतर रिकाम्या शेतांत विटीदांडू रंगत असे. 'वकट, लेंड, मुंड, नाल' ही त्यांतील मोजणी तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशीं किती जुळते पाहा! म्हणजे खेळ परप्रांतांशीं देवघेव करीत आले आहेत. तेथेंही गडबडीनें दांडू उगारणाऱ्याची विटी जागींच राही, आणि पाय रोवून उभ्या राहिलेल्या किरकोळ पोराची विटी बांधापलीकडे जाई.

हल्लीं वर्तमानपत्रांत 'आक्रमक पवित्रा' वाचला, कीं तो रागाचा एखादा प्रकार वाटतो. मूळ अर्थ याच्या उलट आहे: घाव घालण्यापूर्वींची शांत, तोललेली सिद्धता. आपण मुलांना टोला किती लांब गेला तें विचारतों. त्याआधीं ते उभे कसे होते, हेंही पाहिलें पाहिजे.