निवृत्तीची पुंजी आणि डाळ मिल : किती पैसा घालावा?

निवृत्तीनंतर गावी परतलेले अनेक जण भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीच्या रकमेतून डाळ मिल सुरू करण्याचा विचार करतात. व्यवसाय चांगला आहे. मात्र या वयात बुडालेले भांडवल नोकरी करून भरून काढता येत नाही. म्हणून यंत्र पाहायला जाण्याआधी पुंजीची विभागणी करावी.

१) घरखर्च व आजारपण
हा भाग आधी बाजूला काढा आणि कर्जासाठी तारणही देऊ नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये पाच वर्षांसाठी ठेवता येतात. व्याज दर तिमाहीला मिळते. वर्षाच्या आत खाते बंद केल्यास मिळालेले व्याज मुद्दलातून वळते होते. त्यामुळे लगेच लागणारा पैसा येथे अडकवू नये.

२) यंत्रसामग्री
प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी निगडित अनुदान आहे. स्वहिस्सा किमान १० टक्के लागतो. समजा, पात्र खर्च १० लाख आहे, तर स्वहिस्सा १ लाख, कर्ज ९ लाख आणि अनुदान ३.५ लाख रुपये. अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षांनी, कर्जखाते नियमित असल्यास, कर्जात जमा होते. सध्याचे निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात तपासा.

३) खेळते भांडवल
बहुतेकांचा हिशेब येथेच चुकतो. तुरीची मुख्य आवक जानेवारी ते मार्चमध्ये असते, डाळ मात्र वर्षभर विकावी लागते. क्विंटलला ७,००० रुपये दर धरल्यास १०० क्विंटल तुरीला ७ लाख रुपये लागतात. उतारा ७० टक्के धरल्यास ७० क्विंटल डाळ मिळते. म्हणजे वीज, मजुरी, बारदान व वाहतूक न धरताच डाळ क्विंटलला १०,००० रुपयांना पडते. चुनी व टरफलाचे पैसे यातून वजा करा. दुकानदाराकडील उधारी मात्र हिशेबात धरा.

सुरुवात कशी करावी?
पहिल्या हंगामात स्वतः तूर खरेदी न करता परिसरातील शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्या. त्यातून हप्ता निघतो का, ते पाहा. निघत असेल, तरच पुढच्या हंगामात खरेदीला हात घाला.