वर्धा जिल्ह्यातील निस्तार व वहिवाट : भूमीवरील बोजांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भूमीच्या मालकीचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला आहे. त्या तुलनेत भूमीवरील बोजांचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. जमीन एकाची असते, पण तिच्या धुऱ्यावरून दुसऱ्याची बैलगाडी जाते, तिसऱ्याच्या विहिरीचे पाणी वाहते आणि चौथ्याची जनावरे सुगीनंतर तिच्यात चरतात. विधिशास्त्र अशा हक्काला सुविधाधिकार म्हणते, तर लोकव्यवहारात त्याला वहिवाट म्हणतात. वर्धा जिल्ह्यात यांच्या जोडीला निस्तार हा तिसरा शब्द आहे. गावाच्या पडीक जमिनीतून चराई, सरपण, माती, मुरूम व पाणी घेण्याचा गावकऱ्यांचा जो पूर्वापार हक्क, तो निस्तार. वहिवाट शेतास चिकटलेली असते आणि निस्तार गावातील वास्तव्यास. प्रस्तुत निबंधात या भेदाचे वर्धा जिल्ह्यातील परिणाम तपासले आहेत.

मालगुजारी आणि वाजिब-उल-अर्ज

1861 मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि पुढील वर्षी नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा स्थापन करण्यात आला. भोसल्यांच्या राजवटीत पाटील हा मुख्यतः सारावसुलीचा धनी होता. ब्रिटिश जमाबंदीने त्याला मालगुजार, म्हणजे गावाचा मालक ठरविले. शेतांबरोबरच पडीक, गवताळ राने, तलाव, पांदणी आणि गावठाण हेही त्याच्या मालकीत गेले. गावाचे जे सामाईक होते, ते कागदोपत्री एका कुटुंबाचे झाले. पुढे महात्मा गांधींच्या वास्तव्याने सेवाग्राम म्हणून प्रसिद्धीस आलेले सेगावही असेच मालगुजारी गाव होते व त्याची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती.

मात्र ही मालकी निरंकुश नव्हती. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावासाठी 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा दस्तऐवज तयार होत असे. या फारसी संज्ञेचा शब्दशः अर्थ 'निवेदन करण्यास योग्य ते'. गावाच्या चालीरीती व हक्क त्यात नोंदविले जात. गुरे कोठे चरतील, सरपण कोणी कोठून न्यावे, कुंभाराने माती कोठून घ्यावी, असे हे व्यवहार होते. मालगुजाराची मालकी आणि तिच्यावरील गावाचा बोजा अशा रीतीने एकाच दप्तरात शेजारी शेजारी नांदत होते. आर्वीच्या परिसरातील गवळाऊ गोवंशाची पैदास अशा सामाईक चराईवाचून टिकली नसती. हिंगणघाटच्या कापसाला बाजारपेठ लाभली तसतसे पडीक मोडण्याचे आकर्षण वाढले आणि गवताचा तुकडा हा भांडणाचा विषय झाला. भांडण आले की नोंदीला किंमत येते, हे वेगळे सांगावयास नको.

1882 चा अधिनियम

भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1 जुलै 1882 रोजी अंमलात आला तो मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत या प्रदेशांपुरता. मुंबई इलाख्यात तो 1891 मध्ये लागू झाला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या वकिलांच्या नऊ वर्षे आधी वर्ध्याच्या दिवाणी न्यायालयात हा कायदा आला होता. विदर्भाच्या विधिविषयक इतिहासाकडे दुय्यम म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

या अधिनियमाची मांडणी दोन मिळकतींवर उभी आहे. एका मिळकतीला लाभ होतो व दुसरीवर बोजा पडतो. वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून उपभोग घेतला की तो हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असल्यास ही मुदत मूळ कायद्यात साठ वर्षे होती व 1963 च्या मुदत कायद्याने ती तीस वर्षांवर आली. उपभोग केवळ परवानगीने झाला असेल, तर तो अनुज्ञप्ती ठरतो व सामान्यतः मागे घेता येतो. कलम 18 ने रूढीजन्य सुविधाधिकार मान्य केला असून त्याचे पहिलेच उदाहरण एका गावाच्या सामाईक कुरणाचे आहे. तथापि तेथेही चराईचा हक्क मिळतो तो जमीन कसणाऱ्यास, कसणारा म्हणून. ज्याच्याकडे शेतच नाही अशा मजुराला वा कुंभाराला या चौकटीत जागा नव्हती. स्थावर मिळकतीवर अवलंबून नसलेल्या रूढ हक्कांना कलम 2 ने धक्का लावला नाही, एवढेच. त्यांचे अस्तित्व सिद्ध करण्याचे मुख्य साधन वाजिब-उल-अर्ज हेच राहिले.

'सर्व बोजांपासून मुक्त'

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, 1950 अन्वये 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपुष्टात आली. गवताळ जमिनी, झुडपी राने, वने, झाडे, तलाव, पाण्याचे पाट, पायवाटा व गावठाणे राज्याकडे निहित झाली, आणि तीही 'सर्व बोजांपासून मुक्त'. या शब्दांमागे मालगुजारांची कर्जे व गहाणे यांची चिंता होती, हे अधिनियमातील कर्जनिश्चितीच्या तरतुदींवरून दिसते. तरीही त्याच शब्दांनी एक नवा प्रश्न उभा केला. गावाची चराई हाही मालगुजाराच्या जमिनीवरील बोजाच होता. मग त्याचे काय?

पूर्वीच्या मालकांशी करार केलेल्यांचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. 'शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य' (1958) या निर्णयात जंगलतोडीचा हक्क हा स्थावर मिळकतीतील हितसंबंध मानला गेला आणि दस्त नोंदणीकृत नसल्याने दावा टिकला नाही. 'महादेव विरुद्ध मुंबई राज्य' (1959) मध्ये तेंदूपानांच्या करारांना राज्य बांधील नसल्याचे ठरले. ज्यांच्या हाती लेखी करार होता त्यांची ही स्थिती, मग केवळ रूढीवर विसंबणाऱ्यांची काय असावी?

निस्तार नष्ट झाला नाही हे खरे. 1954 च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने त्याची दखल घेतली. 1956 च्या पुनर्रचनेने वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये या तरतुदी केवळ विदर्भासाठी कायम ठेवण्यात आल्या. परंतु येथे जुन्या दस्तऐवजाचे दोन तुकडे झाले. कलम 165 च्या वाजिब-उल-अर्जमध्ये आता शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवरील व पाण्यावरील वाट, सिंचन आणि मासेमारी यांच्याच रूढी नोंदवावयाच्या. नोंदीने व्यथित झालेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. शासकीय पडीक जमिनीसाठी मात्र कलम 161 चे निस्तारपत्रक आहे. त्याचे स्वरूप हक्काच्या नोंदीचे नसून जमिनीच्या व्यवस्थापन योजनेचे आहे. शेतीच्या जनावरांना मोफत चराई, घरगुती वापरासाठी सरपण व गौण खनिज, गावच्या कारागिरांना सवलती या बाबी त्यात कलम 163 नुसार 'शक्य तेथवर' समाविष्ट करावयाच्या आहेत. मालगुजाराविरुद्ध जो हक्क म्हणून मागता येत होता, तो राज्याच्या दारी सवलत झाला. जमीनदारी निर्मूलनाचे श्रेय कमी न करताही ही हानी मान्य करावी लागते, आणि ती प्रामुख्याने भूमिहीनांची आहे.

झुडपी जंगल

या प्रक्रियेचे सर्वांत ठळक रूप झुडपी जंगलात दिसते. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी काळच्या खुरट्या झुडपांच्या चराऊ जमिनी महसुली दप्तरात या नावाने उतरल्या. 1980 च्या वन संवर्धन अधिनियमानंतर आणि विशेषतः 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, त्या वन आहेत की निस्ताराच्या जमिनी, हा वाद उभा राहिला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगल वन म्हणूनच गणले व 1996 पूर्वीच्या वाटपांपुरता दिलासा दिला. गावाच्या चराईचा मूळ बोजा या वादात दोन विभागांच्या मालकीच्या प्रश्नामागे पडला.

वाटांच्या बाबतीत स्थिती थोडी वेगळी आहे. संहितेच्या कलम 143 अन्वये बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. 2025 मध्ये राज्य शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात घेण्याचा निर्णय केला. शेतकऱ्याच्या पांदणीला अशा रीतीने रकाना मिळाला. कुंभाराच्या मातीची आणि गुराख्याच्या रानाची नोंद अद्याप निस्तारपत्रकातच शोधावी लागते.