गोष्ट नको म्हणणारा पटकथाकार

'उम्बेर्तो डी.' या १९५२च्या इटालियन चित्रपटात मारिया नावाची मोलकरीण सकाळी उठून स्वयंपाकघरात येते. शेगडी पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळायला बसते आणि बसल्या जागेवरून पायानं दार लोटू पाहते. या सगळ्यात एकही संवाद नाही. मध्येच तिचं लक्ष पोटाकडे जातं आणि डोळे भरून येतात. लग्न न झालेली ही पोरगी गरोदर आहे, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं.

हा प्रसंग लिहिणारा चेझारे झावात्तिनी (१९०२-१९८९) पो नदीकाठच्या लुझ्झारा गावचा. १९३०च्या दशकात तो मिलानमधल्या प्रकाशनसंस्थांत काम करायचा. विनोदी लेख लिहायचा, कॉमिक्सच्या कथासुद्धा. पुढे दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकासाठी त्यानं 'शूशाइन' (१९४६) आणि 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) यांच्या पटकथालेखनात भाग घेतला. 'मिरॅकल इन मिलान' (१९५१) तर त्याच्याच कादंबरीवरचा. त्यात झोपडपट्टीतली माणसं शेवटी झाडूंवर बसून आकाशात उडून जातात!

असा कल्पक माणूस म्हणू लागला, की रचलेली गोष्ट हा वास्तवावर टाकलेला पडदा आहे. एक बाई बूट विकत घेते, एवढ्यावरही सिनेमा होऊ शकतो. पैसे कुठून आले, ते दुसऱ्या कशाला लागले असते, याचा नेटानं माग काढला की झालं.

सरकारला हा माग रुचत नव्हता. 'उम्बेर्तो डी.'नंतर चित्रपटांचं खातं सांभाळणाऱ्या जुलिओ आंद्रेओत्तीनं दे सिकाला जाहीर पत्र लिहून देशाचं निराशाजनक चित्र रंगवल्याबद्दल सुनावलं. तिकीटबारीवरही चित्रपट पडला.

झावात्तिनी मात्र आणखी पुढे गेला. 'लव्ह इन द सिटी' (१९५३) या चित्रपटातल्या एका भागात, गरिबीपायी तान्हं मूल सोडून देणाऱ्या आणि नंतर त्याच्याकडे परतणाऱ्या कातेरीनाची खरी हकिकत आहे. भूमिकेत कातेरीना स्वतःच. इथे मला त्याचा सिद्धान्त अडखळताना दिसतो. मारियाचं दुःख बघताना कुणावर अन्याय होत नाही. कातेरीनाला मात्र आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस कॅमेऱ्यासमोर पुन्हा जगावा लागला. तिनं होकार दिला तरी हा प्रश्न सुटत नाही. ज्या पडद्याची झावात्तिनीला चीड होती, तो कधीकधी माणसाची लाजही राखतो.

१९५५ साली छायाचित्रकार पॉल स्ट्रँडबरोबर त्यानं 'उन पाएझे', म्हणजे 'एक गाव', हे पुस्तक केलं. गाव लुझ्झाराच. स्ट्रँडच्या छायाचित्रांत माणसं सरळ आपल्याकडे बघत उभी आहेत आणि शेजारी त्यांचं बोलणं छापलंय: काम, घर, युद्ध यांबद्दलचं. त्यांना काहीच पुन्हा करून दाखवावं लागत नाही. हवं तेवढं सांगून ती थांबतात. झावात्तिनीला हवा असलेला गोष्टीविनाचा सिनेमा मला या पुस्तकात सापडतो.