मनोरुग्णालयाचा उंबरठा ओलांडताना...

'येरवड्याला टाका', 'ठाण्याला पाठवा' हे शब्दप्रयोग मराठी घरांत अनेक पिढ्या थट्टेने वापरले जात आहेत. मात्र ज्या घरातील मुलगा, सून किंवा वडील खरोखरच मनोरुग्णालयात दाखल होतात, त्या घरात ही थट्टा एका दिवसात विरून जाते. किती दिवस ठेवतील, भेटू देतील का, 'शॉक' देतील का, माणूस पूर्वीसारखा होईल का, असे प्रश्न नातेवाइकांसमोर उभे राहतात. रुग्णाच्या मनातील प्रश्न याहून वेगळा असतो. आपल्याला येथे का आणले आणि आणणारे परत न्यायला येतील ना? रुग्ण आणि कुटुंब या दोघांच्याही अनुभवाचे मूळ बहुतेक वेळा या एका प्रश्नात सापडते.

फसवून नेण्याची किंमत

तीव्र मनोविकारात, विशेषतः स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाच्या अवस्थेत, आपण आजारी आहोत याची जाणीव रुग्णाला अनेकदा नसते. त्यामुळे 'गावी लग्नाला जायचे आहे', 'तुझ्या वडिलांची तपासणी करायची आहे' अशी कारणे सांगून त्याला रुग्णालयात नेले जाते. त्या क्षणी कुटुंबाला दुसरा मार्ग दिसत नाही हे खरे असले, तरी या फसवणुकीची आठवण औषधाने जात नाही. भास थांबतात, झोप सुधारते, परंतु आई-वडिलांवरचा किंवा जोडीदारावरचा विश्वास लवकर परतत नाही. पुढे घरात औषधे घेण्यास नकार देण्यामागे गोळ्यांच्या दुष्परिणामांइतकाच हा राग असू शकतो.

म्हणूनच रुग्ण ऐकण्याच्या स्थितीत नाही असे वाटले, तरी 'आपण डॉक्टरांकडे चाललो आहोत, तेथे काही दिवस राहावे लागेल आणि आम्ही भेटायला येऊ' हे सरळ शब्दांत सांगणे हिताचे असते. दिलेल्या दिवशी खरोखर भेटायला जाणे हा या उपचाराचाच भाग समजायला हवा.

कायद्याने काय बदलले?

१९१२ चा ब्रिटिशकालीन कायदा 'वेड्यां'साठी होता आणि त्याचा भर त्यांना कोंडून ठेवण्यावर होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भाषा बदलली. त्यानंतर ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. या दुर्घटनेने सारा देश हादरला. पुढे संसदेने संमत केलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने रुग्णाला प्रथमच हक्कांचा धनी मानले.

या कायद्यानुसार दाखल होण्याचे प्रमुख मार्ग दोन आहेत. पहिला स्वेच्छेचा. रुग्ण स्वतः दाखल होतो आणि घरी जाण्याची मागणी करू शकतो. आवश्यक वाटल्यास डॉक्टरांना तपासणीसाठी त्याला २४ तास थांबवून घेता येते. दुसरा मार्ग आधाराने दाखल होण्याचा. रुग्णाने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल, इतरांना त्याच्यापासून धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला अशक्य झाले असेल आणि उपचाराचा निर्णय तो स्वतः घेऊ शकत नसेल, तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते आणि त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. ही मुदत ३० दिवसांची असते. त्यापुढे ठेवायचे झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी लागते. दाखल केल्याची माहितीही या मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास ही मुदत तीन दिवसांची आहे.

येथे 'नामनिर्देशित प्रतिनिधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. हा प्रतिनिधी घरातीलच असावा असे बंधन नाही. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून आणि सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. भविष्यात आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही आगाऊ लिहून ठेवता येते. ज्यांना आजाराचे झटके पुन्हापुन्हा येतात त्यांच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे, कारण बऱ्या अवस्थेतील माणसाचे म्हणणे आजारी अवस्थेतही ऐकले जाते. प्रतिनिधी आणि आगाऊ निर्देश या दोन कागदांची आठवण शुद्धीवर असतानाच व्हायला हवी.

वॉर्डातील दिवस

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ठाण्याचे रुग्णालय १९०१ मधील. येरवड्याची मंजूर क्षमता २५४० खाटांची असून देशातील मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. याखेरीज पुण्याचे ससून, मुंबईतील केईएम, नायर, जे. जे. यांसारख्या सर्वसाधारण रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तेथील मुक्काम सहसा काही आठवड्यांचा असतो. शेजारच्या वॉर्डात हाडमोडीचे आणि मधुमेहाचे रुग्ण असल्याने कलंकाची भावनाही काहीशी सौम्य होते.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. पट्टा, ओढणी, वस्तरा अशा वस्तू सुरक्षिततेसाठी काढून घेतल्या जातात. रुग्णाला मात्र ती शिक्षा वाटते. वस्तू का घेतल्या आणि त्या कधी परत मिळतील, हे एका वाक्यात सांगणाऱ्या परिचारिकेची आठवण रुग्ण वर्षानुवर्षे ठेवतात. सुरुवातीच्या औषधांनी गुंगी येते, तोंडाला कोरड पडते, काहींचे हात थरथरतात किंवा मान व जबडा आखडतो. असा आखडलेपणा लगेच सांगितल्यास त्यावर उपाय असतो. तो 'नाटक' म्हणून दुर्लक्षिला गेल्यास रुग्णाचा औषधांवरचा भरवसा कायमचा उडू शकतो.

रुग्णाला स्वतःचे कपडे वापरण्याचा, जबरदस्तीने केस कापले न जाण्याचा, भेटीला आलेल्यांना भेटण्याचा अथवा भेट नाकारण्याचा आणि काम केल्यास मोबदला मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. साखळीने बांधण्यास आणि एकांतकोठडीस पूर्ण मनाई आहे. बांधून ठेवणे हा धोका टाळण्याचा एकमेव उपाय असेल, तेव्हाच मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने ते मर्यादित काळ करता येते आणि त्याची माहिती २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला द्यावी लागते. तीन वर्षांखालील मुलाला दाखल झालेल्या आईपासून सामान्यतः वेगळे करता येत नाही.

'शॉक'ची भीती

चित्रपटांनी रुजवलेली सर्वांत मोठी भीती विद्युत उपचारांची. भूल न देता आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता असे उपचार करण्यास आता कायद्याने बंदी आहे. योग्य पद्धतीने केल्यास रुग्ण या काळात झोपलेला असतो. तीव्र नैराश्यात, रुग्णाने अन्नपाणी सोडले असताना किंवा आत्महत्येचा धोका मोठा असताना हे उपचार जीव वाचवू शकतात. काही काळ विस्मरणाचा त्रास होतो, हेही तितकेच खरे. हा त्रास आधी सांगितला गेला नाही तर रुग्णाला आपले काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

सही करणाऱ्याचे ओझे

दाखल करण्याच्या अर्जावर सही करणाऱ्या आईला किंवा भावाला सुटकेचा निःश्वास आणि अपराधीपणा या दोन्ही भावना एकाच वेळी घेरतात. अनेक रात्रींचे जागरण संपलेले असते, घर शांत झालेले असते आणि त्या शांततेचीच लाज वाटू लागते. शेजाऱ्यांना काय सांगायचे, मुलीच्या लग्नात अडचण येईल का, नोकरीच्या ठिकाणी रजेचे कारण काय लिहायचे, या चिंता वेगळ्याच. आजाराला कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे या समजुतीने पत्नी आणि माहेर-सासर यांच्यात दोषारोप सुरू होतात.

नातेवाईक हा उपचारातील अडथळा नसून आधार आहे, हे भारतीय मानसोपचाराने फार पूर्वी ओळखले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारात तंबूंमध्ये राहू दिले. महाराष्ट्रात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली 'आयपीएच' आणि डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन यांनी कुटुंबीयांच्या प्रश्नांना जागा करून दिली. अशा स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजीवाहकाला 'शुभंकर' म्हटले जाते. शब्द बदलल्याने आजार जात नाही, परंतु बोलण्याची लाज निश्चितच कमी होते.

जे परत नेले जात नाहीत

या विषयाची सर्वांत वेदनादायी बाजू म्हणजे बरे होऊनही रुग्णालयातच राहिलेली माणसे. कोणाचा पत्ता खोटा निघतो, कोणाचे आई-वडील निवर्ततात आणि भाऊ दार उघडत नाहीत, कोणाच्या पतीने दुसरा संसार थाटलेला असतो. केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा कायदा स्पष्टपणे सांगतो. तरीही वास्तव बदलणे सोपे ठरलेले नाही. महाराष्ट्रात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहे आणि वृद्धाश्रमांत हलविण्यात आल्याची गंभीर दखल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये घेतली होती. छप्पर बदलले म्हणजे पुनर्वसन झाले असे होत नाही, हाच त्याचा अर्थ.

याउलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचविणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जत येथील त्यांच्या 'श्रद्धा' संस्थेतून घरी पोहोचलेल्या रुग्णांचे अनुभव सांगतात, की हरवलेला माणूस परत आला तर त्याला सामावून घेणारी घरेही पुष्कळ आहेत.

घरी आणताना

रुग्णालयातून सुटका म्हणजे उपचारांची समाप्ती नव्हे. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने अधिक जोखमीचे असतात, तर बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे एक नेहमीचे कारण आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी काही गोष्टी लिहून घ्याव्यात : निदान, औषधांची नावे व मात्रा, संभाव्य दुष्परिणाम, आवश्यक रक्ततपासण्या, पुढील भेटीची तारीख आणि आजार उलटण्याची पहिली लक्षणे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, संशय वाढणे ही लक्षणे प्रत्येक रुग्णात वेगळ्या क्रमाने दिसतात आणि तो क्रम घरच्यांनाच सर्वांत आधी कळतो. आरोग्यविमा असल्यास मनोविकाराच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. तातडीच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

घरात पाऊल ठेवणाऱ्या माणसावर लगेच पाळत ठेवण्याची गरज नसते. त्याचे कपाट, त्याची खुर्ची, त्याचे नेहमीचे काम त्याला परत मिळाले, तर बरेच काही साधते. 'तिकडे काय केले रे तुला?' या प्रश्नापेक्षा 'चहा घेतोस का?' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. बाकीचे तो सवडीने सांगतो. मनोरुग्णालयाच्या दारातून आत जाताना त्याच्या मनात जो प्रश्न होता, त्याचे उत्तर त्याला त्या एका कपातही मिळू शकते.