उलट्या अक्षरांची गीता

पुण्याहून साताऱ्यामार्गे सांगलीकडे गेलं की मिरज लागते. मिरज म्हणजे आपल्याला फक्त सतारी माहीत. पण १८०५ साली इथे भगवद्गीता छापली गेली, बरं का! तीही खिळे न जुळवता, तांब्याच्या पत्र्यांवरून.

पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, त्याच्याकडे एक तांबट हे कोरीवकाम शिकला. नाना फडणवीसांनी गीता छापायचं मनावर घेतलं, पण १८०० मध्ये नाना गेले. मग मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी तांबटाला बोलावून काम पुरं करवून घेतलं.

तांब्यावर अक्षरं कोरणं आपल्याकडे जुनंच, ताम्रपट आठवा. पण ती सुलटी. इथे सातशे श्लोक आरशातल्यासारखे उलटे! रेघांत शाई भरायची, पत्रा पुसायचा, वर ओलसर कागद दाबायचा. एक काना चुकला तर? कंट्रोल-झेड नाही राव.

गंमत म्हणजे त्याच साली बंगालमधल्या सेरामपूरला कॅरीचं मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. खिळे मोडून नवं पान जुळवता येतं, कोरलेला पत्रा जन्मभर तेच पान देतो. मराठी छपाई पुढे खिळ्यांच्या आणि शिळाछापाच्या वाटेनं गेली. पटवर्धनांचं नाव राहिलं. कोरणारा मात्र बहुतेक ठिकाणी नुसता 'एक तांबट'.