मॅचचं चार पानी पत्रक

आज दाखवायला एक कागद आणलाय. व्हिडिओत तो मी कॅमेऱ्यासमोर धरला होता, इथं तुम्हाला डोळ्यांसमोर आणावा लागेल. मधे घडी घातलेला, चार पानांचा, कडेनं पिवळा पडलेला. पहिल्या पानावर स्पर्धेचं नाव आणि वेळ. शेवटच्या पानावर सायकलच्या दुकानाची आणि एका शिंप्याची जाहिरात. आतल्या दोन पानांवर समोरासमोर दोन संघ, मैदानात उभे राहतात तसेच छापलेले: गोलकीपर, बचावफळी, मधली फळी, पुढची फळी.

माझे बाबा बेळगावचे. बंगळुरूला एका सरकारी कारखान्यात लागले आणि अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमवर सामने बघायला जाऊ लागले. हा कागद त्यांच्या ट्रंकेत सापडला, सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. बाबा त्याला 'प्रोग्रॅम' म्हणत.

ही पद्धत इंग्लंडची. तिथं एकोणिसाव्या शतकात सामन्याच्या दारात दोन्ही संघांची नावं छापलेला एकपानी कागद विकला जाई. 1882 च्या एफए कप अंतिम सामन्याचा असा एक कागद 2013 साली लंडनच्या लिलावात 35,250 पौंडांना गेला. आज हसू येईल, पण तेव्हा त्या कागदाची खरीच गरज होती. खेळाडूंच्या पाठीवर नंबर नसत. एफए कपच्या अंतिम सामन्यात ते पहिल्यांदा 1933 साली दिसले, आणि तेही एका संघाला 1 ते 11, दुसऱ्याला 12 ते 22. इंग्लिश लीगनं ते सक्तीचे केले 1939 मध्ये. त्याआधी कोण कुठं खेळतोय हे कळायला कागदच हवा.

आणखी एक गंमत. मध्यंतराला मैदानावरच्या फळ्यावर दुसऱ्या गावांतल्या सामन्यांचे गोल लावत. पण फळ्यावर संघांची नावं नसत, फक्त ए, बी, सी अशी अक्षरं. कोणतं अक्षर म्हणजे कोणता सामना, हे प्रोग्रॅममध्ये छापलेलं. ज्यानं तो घेतला नाही त्यानं शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकवावं!

आता बंगळुरूकडे येऊ. इथं फुटबॉल आलं ते लष्कराबरोबर, म्हणजे कँटोन्मेंटमध्ये. पलटणींचे गोरे शिपाई खेळत, आणि ऑस्टिन टाऊन, गौतमपुरा, शिवाजीनगर इथली पोरं बघून बघून शिकली. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघानं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. 1891 पासून चाललेल्या त्या स्पर्धेतला हा पहिला भारतीय विजेता. पुढच्या वर्षी त्यांनी तो राखलाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपण 1-2 असे हरलो. त्यातला आपला एकमेव गोल केला बंगळुरूच्या सारंगपाणी रामन यांनी. स्वतंत्र भारताचा तो ऑलिंपिकमधला पहिला गोल. म्हैसूर राज्यानं संतोष ट्रॉफी चारदा जिंकली, चौथ्यांदा 1968-69 मध्ये. त्यानंतर कर्नाटकाच्या हाती ती पुन्हा लागली थेट मार्च 2023 मध्ये, रियाधला मेघालयाला 3-2 असं हरवून. मधे 54 वर्षं गेली.

ही झाली मोठ्या सामन्यांची नोंद. पण बंगळुरूचं फुटबॉल जगलं ते कारखान्यांच्या आणि लष्कराच्या संघांवर. एचएएल, आयटीआय, मद्रास सॅपर्स. पोराचा पाय चांगला असेल तर त्याला नोकरी लागे. सकाळी मशीनवर, दुपारनंतर सरावाला. सामन्याच्या दिवशी बाबा पाळी संपवून डबा हातात घेऊन तसेच बसनं जायचे. दारात भाजलेल्या शेंगांची पुडी आणि मिळाला तर प्रोग्रॅम. गॅलरीत एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला दख्खनी उर्दू, मधे कन्नड. शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्या भाषांतल्या कळायच्या.

बाबांच्या खात्यात एक काका होते, ऑस्टिन टाऊनचे. ते सांगायचे की बाहेरगावच्या एका मोठ्या संघाविरुद्ध ते राइट आउट म्हणून खेळले. ठरलेला खेळाडू ऐनवेळी तापानं आडवा झाला, म्हणून यांना बोलावलं. पुढे गुडघा गेला आणि तेवढा एकच मोठा सामना नावावर राहिला. पण तो तरी नावावर कुठं होता? वर्तमानपत्रातल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कँटीनमध्ये लोक चिडवायचे. बाबा साक्ष द्यायचे, पण दोस्ताची साक्ष कोण धरतो? पुढं पुढं काकांनी तो विषयच सोडला.

या कागदावर उजव्या बाजूचं नाव पेन्सिलीनं खोडलंय आणि वर काकांचं नाव लिहिलंय, बाबांच्या अक्षरात.

तुम्ही म्हणाल, ही पुन्हा दोस्ताचीच साक्ष. मलाही तसंच वाटलं. म्हणून एका ग्रंथालयात जाऊन त्या दिवसांचं वर्तमानपत्र काढलं. बाबांनी पेन्सिलीनं गोलची मिनिटं लिहिलीत, गोल करणाऱ्यांच्या नावापुढं खुणा केल्यात. बातमीशी त्या सगळ्या जुळतात. बातमीतली यादी मात्र छापील प्रोग्रॅमशी शब्दशः जुळते, अगदी स्पेलिंगच्या चुकीसकट. म्हणजे यादी बहुधा प्रोग्रॅमवरूनच उतरवली गेली. बाबांनी बाकी सगळं खरं टिपलं आणि एकच नाव खोटं घातलं, तेही त्याच पेन्सिलीनं, असं मानायला मला कारण दिसत नाही.

म्हणून जुन्या प्रोग्रॅमची आठवण काढताना मी छपाईसाठी फारसा हळहळत नाही. इंग्लंडमध्ये 2018 साली खालच्या तीन लीगमधल्या क्लबांवरची प्रोग्रॅम काढायची सक्ती उठली. खर्च परवडत नव्हता, मान्य आहे. बंगळुरूत आता कांतीरवा स्टेडियमवर बंगळुरू एफसीचा सामना असला की यादी तासभर आधी मोबाइलवर येते आणि बदल झाला तर लगेच दुरुस्तही होते. सोय मोठीच आहे. फक्त दुरुस्तीनंतर आधीची चूक दिसत नाही, आणि ती कुणी सुधारली हेही कळत नाही. या कागदावर खोडलेलं नाव वाचता येतं, वरचंही वाचता येतं. एक माणूस तिथं बसून बघत होता, हे त्यातून कळतं.

मी त्याची झेरॉक्स घेऊन काकांकडे गेलो. आता ऐंशीच्या पुढे आहेत. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझे बाबानं नाव गलत लिख्या रे." नावातलं एक अक्षर खरंच चुकलं होतं. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतला आणि ते दुरुस्त केलं. मुलीला हाक मारून म्हणाले, "इसकू फ्रेम करा."

मंडळी, तुमच्या घरीही असे कागद असतील. कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमचे, मुंबईच्या कूपरेजचे, गोव्यातले. रद्दीत घालण्याआधी एकदा उलटून बघा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुणाच्या घरात सापडला ते लिहून ठेवा. आणि पेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं साफ मात्र करू नका. भेटू पुढच्या भागात.